मुठीचा डबा

लातूर
२२ जून २००३

शांतवन भावा,

तुला आणि घरच्या सगळ्यांना प्रभूच्या नावानं सलाम. पत्राला उशीर झाला म्हून रागावू नको. रागावलास तरी मला इथून दिसत न्हाई, तुझा राग फुकट जाईल.

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरली न्हाई. अहमदपूर, लोहा, उदगीर, कुठून कुठून बाप येतात. एका हाताला पोरगं, दुसऱ्या हाताला जवारीचं चुंगडं. पोरगं क्लासला लावायचं आणि चुंगडं माझ्या मेसला. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. इतके डॉक्टर झाले तर आजारी पडायला माणसं कुठून आणायची, हे मी परवा गुरुबसप्पा मालकाला इचारलं. मालक हसला न्हाई. वर त्याचं होस्टेल, खाली माझी मेस, त्याचं पोट या डॉक्टरांवर चालतं. माणूस चांगला हाय, फक्त भित्रा लई.

माझं तेच चालू हाय. पोरांच्या घरची जवारी टाकीत ओतायची, सलीमभाईच्या गिरणीत दळून आणायची, भाकरी थापायच्या. पहिली भाकर तव्यावरनं उतरली की मी भिंतीवरच्या आईच्या क्रुसाखाली उभी राहून मोठ्यानं प्रार्थना करते. एक-दोन पोरं गालात हसतात. हसू देत, हसल्यानं भूक वाढते.

यंदा आरती नावाची एक पोरगी आली. अहमदपूरकडच्या शेषेरावांची लेक. डोळे मोठे, आणि तोंडाला कुलूप न्हाई. मी पीठ मळायच्या आधी मूठभर पीठ बाजूच्या डब्यात टाकते ते तिनं बघितलं आणि इचारलं, मावशी, ही मूठ कशाची? मग मी तिला सगळी कथा सांगितली. आपल्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला ते दुष्काळाचं साल होतं. मिशनवाले धान्य वाटायचे. गाव म्हणालं, ही माणसं जवारीला बाटली. आजीला ते इतकं झोंबलं की त्या दिवसापासून तिनं मुठीचा डबा ठेवला. रोजच्या पिठातली एक मूठ डब्यात, आणि रविवारी सगळ्या बायकांचे डबे मिशनच्या देवळात एकत्र ओतायचे. ज्याच्या घरी चूल पेटली न्हाई त्याच्या घरी ते जायचं, मग तो कुठल्याही देवाचा असो. घेतली म्हणता काय, बघा आता, देतो. आजीची ही अशी खोड. आईला लागली, मला लागली. आरतीला गोष्ट लई आवडली.

सुवार्ताला अकरावीला इकडंच पाठव. आत्या असताना पोरीनं होस्टेलात कशाला राहायचं?

तुझ्या क्वार्टरात रविवारी प्रार्थनेला मंडळी भरते ना नेमानं? इथं कुणी वाकडं बोललं की मी म्हणते, माझा भाऊ बघा, मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरात ढोलकी वाजवून देवाचं नाव घेतो. मला तेवढ्यानं बळ येतं.

तुझी अक्का,
मार्था


मुदखेड
९ जुलै २००३

अक्कास सलाम.

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. पावसाळ्यात पॉइंट्समनचे हाल तुला माहीत आहेत, रूळ बदलताना मध्ये खडी अडकते, चिखल अडकतो, आणि गाडी थांबली की साहेब आपल्याकडे बघतात.

मंडळी ठीक आहे. पावसामुळे लोक जरा कमी येतात.

सुवार्ताचं अजून नक्की नाही. नांदेडलाच बघावं असं चाललं आहे. लातूरच्या क्लासांचा गोंधळ तिला झेपेल असं वाटत नाही. ठरलं की कळवतो.

अक्का, एक सांगतो. दिवस बरे नाहीत. पेपर तूही वाचतेस. आईचा क्रूस आतल्या खोलीत लाव ना. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसलाच पाहिजे असं कुठं आहे? प्रार्थनाही मनात कर. देव काही बहिरा नाही. तू एकटी बाई, तिथं तुझं स्वतःचं असं कोणी नाही, जागा दुसऱ्याची. भूकंपात बाबा गेले, भाऊजी गेले, घर गेलं. एवढं सगळं जाऊन तू तव्यावर भाकरी थापून उभी राहिलीस. ते एका क्रुसापायी घालवू नकोस.

आणि अजून एक. राग येईल, पण विचारतो. तू मूठ काढतेस ते पीठ कुणाचं? आजी स्वतःच्या दळणातली मूठ काढायची. मेसचं दळण पोरांच्या घरचं आहे. माझ्या मनात आलं ते लिहिलं.

तब्येतीला जप.

तुझा,
शांतवन


लातूर
३ ऑगस्ट २००३

शांतवन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं पोस्टमननं दुसऱ्याच कुणाचं आणून टाकलं.

देव बहिरा न्हाई, खरंय. पण मी तर मुकी न्हाई ना. मनातल्या मनात प्रार्थना मला येते, आजारी पडले तर करते. भाकरीबद्दल उपकार मानायचे तर भाकरीसमोर मानायचे. मी कुणाला हात जोडायला लावत न्हाई, कुणाच्या कपाळाला पाणी लावत न्हाई. मी माझं तोंड उघडते, एवढंच.

आणि पिठाचं काय इचारतोस? हाताला इचारून मूठ निघत न्हाई. हात आपोआप जातो. आणि मेस माझी, राबते मी, म्हंजे पीठ कुणाचं झालं? तुला ही जुनी सवय हाय. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आपल्याला मदतीचं धान्य मिळालं, आठवतं? देऊळ पडलेलं, बाबांना आणि तुझ्या भाऊजींना माळवदाच्या ढिगाऱ्याखालनं काढून दोन रविवारसुद्धा झाले न्हवते. आईनं त्या धान्याचं पहिलं पीठ केलं आणि त्यातनं मूठ काढून पत्र्याच्या डब्यात टाकली. तू ताट ढकललंस. मागून आणलेल्यातलं काय द्यायचं म्हणालास. आई काय बोलली ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाई.

"मूठ निघती तवर आपण मागतकरी न्हाई."

तिनं ती मूठ शेजारच्या शेडमधल्या भामाबाईला नेऊन दिली, जिचं सगळं घर गेलं होतं. गावातले लोक म्हणत होते देवाचा कोप झाला. आई म्हणाली, कोप झाला असंल तर मी त्याच्याशी भांडीन, पण त्याचं नाव घेऊनच भांडीन. आणि रविवारी त्या शेडमध्ये, कुणी साथीला नसताना, तिनं गाणं म्हटलं. त्या बाईचा क्रूस मी आतल्या खोलीत लावू?

मालकही परवा तेच बोलून गेला. मार्थाबाई, लोक कुजबुजतात, जरा आत घ्या म्हणाला. मी म्हटलं, मालक, तुमच्या गळ्यातलं लिंग तुम्ही लोकांनी कुजबुजल्यावर काढता का? तो बिचारा गळ्याला हात लावून गेला.

जाऊ दे. बरं काही सांगते. दर रविवारी एक नवी पोर मेसला यायला लागली. सगळ्यांसारखी मला मावशी म्हणते. पुस्तक बाजूला ठेवून मला भाकरी थापू लागते. डावखुरी हाय, आपल्या आईसारखी, भाकर उलटी फिरवते. बघून गंमत वाटते.

सुवार्ताचं नांदेडला कसं चाललंय ते लिही. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते. मोठ्यानं.

अक्का


लातूर
१४ सप्टेंबर २००३

शांतवन,

पोळ्यापासून तुझ्या पत्राची वाट बघून राहिले. रागावला असशील. मी तसं लिहिलंच होतं. पण आता राग ठेव बाजूला आणि हे वाच.

आरती पोळ्याला घरी गेली. तिथं तिनं सगळ्यांना आजीच्या मुठीची गोष्ट सांगितली. कौतुकानं सांगितली, पोरीच्या मनात काही न्हवतं. शेषेराव ऐकत बसला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली, की माझ्या शेतातली जवारी ही बाई चर्चला घालते. ते तिथून इथल्या होस्टेलात आलं, आणि येता येता फुगत आलं. शुक्रवारी दुपारी पोरं जेवत असताना चार-पाच बाप दारात उभे. पुढं शेषेराव.

मी आधी भडकले. काय काय बोलले ते लिहीत न्हाई, आपल्या आईनं शिकवलेलं न्हवतं त्यातलं काही. शेषेराव आवाज न चढवता ऐकून घेत राहिला. मग त्यानं मला इचारलं.

"बाई, शेतात मी राबलो. जवारी तुझ्याकडं दळायला ठेवली. द्यायची असंल तर मी देईन. तू कोण देणारी?"

तूही हेच इचारलं होतंस. तुला मी पानभर सुनावलं. त्याला काय सुनावणार? मी त्यांच्या जवारीनं भरलेल्या टाकीकडं बघितलं. शेडमधली जवारी आपल्याला दिलेली होती, शांतवन. ही माझ्याकडं ठेवलेली हाय. इतकं साधं, आणि इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं न्हाई. हात जायचा, मी जाऊ द्यायची.

तेवढ्यात मागनं कुणीतरी बोललं, जवारीला बाटलेली माणसं आता जवारी चोरून दुसऱ्याला बाटवायला निघाली. तोंड दिसलं न्हाई. आजीपासून ऐकत आलोय आपण हे. पण आजीकडं या बोलण्याला उत्तर होतं. माझ्याकडचं उत्तर मीच घालवलं होतं. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याच्याहून जास्ती माझा.

मी डबा आणला. कापड अंथरलं आणि सगळ्यांच्या पुढं तो उलटा केला. म्हटलं, चूक माझी हाय. ही मूठ तुमची होती, मी माझी समजून दिली. जे देऊन झालं ते मी माझ्या दळणातनं भरून देईन. आता हे उचला. पण क्रूस माझा हाय आणि प्रार्थना माझी हाय. त्याची चूक मी कबूल करणार न्हाई, मरेपर्यंत न्हाई.

पीठ कुणी उचललं न्हाई. चुंगडी मात्र उचलली. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. आरती जिन्यावर बसून रडत होती, तिला वाटतं सगळं तिच्यामुळं झालं. मी तिला म्हटलं, तू खरं तेच सांगितलंस, जा, अभ्यास कर.

मग मालक आला. खाली बघत बोलला. महिनाअखेरपर्यंत क्रूस उतरवा, प्रार्थना बंद करा, मी सगळ्या बापांची समजूत काढतो, चुंगडी परत आणवतो. न्हाईतर जागा सोडा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. होस्टेल रिकामं होईल ही त्याची भीती खरी हाय, मी त्याला वाईट म्हणत न्हाई.

मी क्रूस उतरवणार न्हाई. हे तुला इचारत न्हाई, सांगून राहिले. पण शांतवन, मला भीती वाटते. दिवसभर ठसक्यात फिरते आणि दार लावलं की कडी दोन-दोनदा तपासते. या वयात कुठली चूल मांडू? जमिनीनं एकदा सगळं गिळलं, तेव्हा आई होती.

तीस तारखेला भूकंपाला दहा वर्षं होतात. तू ये. तुझ्या मंडळीतले दोघं-चौघं आण, ढोलकी आण. क्रुसाखाली उभं राहून गेलेल्यांची नावं घेऊ. मग काय व्हायचं ते होऊ दे.

मार्था


मुदखेड
२१ सप्टेंबर २००३

अक्का,

मला येता येणार नाही. आणायला ढोलकी नाही, मंडळीही नाही.

एप्रिलपासून आमच्याकडे प्रार्थना बंद आहे. ओळखीचेच चौघे आले होते. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. चहा प्यायले. क्वार्टर सरकारी आहे, बाहेरची माणसं जमतात, वरपर्यंत गेलं तर तुम्हालाच त्रास, एवढंच म्हणाले आणि कपबशी जागेवर ठेवून गेले. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं की माझी ड्यूटी आहे. त्याच्या पुढच्याही रविवारी. मग लोकांनी विचारणं सोडलं. भिंतीवरचं बायबलचं वचन काढलं, ढोलकी माळ्यावर टाकली. आपला मुठीचा डबा, तू लग्नात दिलेला, पलंगाखाली आहे. त्यात मी स्क्रू आणि खिळे ठेवतो.

तुला वाटेल शांतवन रोज तळमळत असेल. नाही अक्का. पहिले दोन आठवडे जड गेले, नंतर सवय झाली. बरंसुद्धा वाटायला लागलं. शेजारी जास्त बोलतात. तुझं पत्र आलं की तेवढ्यापुरतं टोचायचं, म्हणून मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही.

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. सुवार्ता नांदेडला नाही. जुलैपासून लातूरलाच आहे, तुझ्या मेसपासून चार गल्ल्या पलीकडे, मुलींच्या होस्टेलात. मीच तिला बजावलं होतं की आत्याकडे जायचं नाही, ओळख सांगायची नाही, निदान दोन वर्षं. तुझ्या मेसबद्दल काही निघालं तर पोरीच्या मागे लागायला नको, हा माझा हिशेब. सख्ख्या बहिणीपासून पोरगी लपवली. मला काय म्हणायचं ते म्हण.

पण मी सांगतो ते ऐक. क्रूस उतरव. लाकूड आहे ते, अक्का. आईनं जीव गेला तरी सोडला नसता हे मला माहीत आहे, पण आई आता नाही आणि तू आहेस. आणि ते जमत नसेल तर सगळं सोडून इकडे ये. माझ्या घरात तुला कोणी काही म्हणणार नाही. इथं म्हणण्यासारखं आता काही उरलेलंच नाही.

शांतवन


लातूर
२ ऑक्टोबर २००३

शांतवन, माझ्या भावा,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. सलीमभाईची आई बेगमबी गिरणीच्या ओट्यावर बसली होती, तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

रडले ते ढोलकीसाठी. हसले ते तुझ्या हिशेबासाठी. अरे येड्या, ती डावखुरी पोर कोण होती असं वाटलं तुला? सुवार्ता पहिल्याच रविवारी माझ्या दारात आली. म्हणाली, पप्पांनी ओळख सांगायची न्हाई असं बजावलंय, तर मी सांगत न्हाई, मला फक्त जेवायला वाढा. बापाचं ऐकलं म्हणायचं का न्हाई, तूच ठरव. तुझी लाज राहावी म्हून आम्ही दोघी गप बसलो. ती मला मावशी म्हणायची आणि मी तिला ए पोरी. तू माझ्यापासून लेक लपवलीस, मी तुझ्यापासून तुझीच लेक लपवली. आता आपली फिटंफाट.

क्रूस मी उतरवला. लगेच सुस्कारा टाकू नको, पुढं वाच.

उतरवला तो घेऊन जायला. मालकाला किल्ली दिली. त्यानं डोक्याला हात लावला, म्हणाला, थोडं वाकला असतात तर. मी म्हटलं, भाकरी थापताना रोज वाकते की. काटवट, तवे, शेगड्या रस्त्यावर काढल्या आणि कुठं जायचं ते ठाऊक न्हवतं. तेव्हा गिरणीतनं बेगमबी आली, सत्तरी ओलांडलेली. तिनं रस्त्यावरचा संसार बघितला.

"हमारे आंगन में चूल मांड. देखती मैं, कौन क्या बोलता."

मी क्रूस दाखवला. म्हटलं, बेगमबी, हा पण येतो माझ्यासंगं, आणि माझं तोंड तुला ठाऊक हाय. ती म्हणाली, दीवार हमारी है, खीला ठोक. सलीमभाईनं गिरणी थांबवून हातोडी आणून दिली. त्यांना कोण काय बोलंल याची मला काळजी वाटली, तसं मी बोलले, तर म्हातारी म्हणाली की काळजी करता करता तिची लई वर्षं गेली, आता कंटाळा आला.

आता अंगणाच्या फाटकाला मी पाटी लावली हाय. सुवार्तानं लिहिली, अक्षर तुझ्यासारखं सरळ हाय. 'इथं जेवणाआधी मोठ्यानं प्रार्थना होते. ज्यांना चालत नसेल त्यांनी तेवढा वेळ फाटकाबाहेर थांबावं. भाकरी गरमच मिळेल.' रस्त्यानं जाणारे थांबून वाचतात. एकजण म्हणाला, बाई, भांडण बोलावतेस. मी म्हटलं, न्हाई, भांडण टाळायलाच लावलीय, आत येऊन कुणी फसलो म्हणायला नको.

तीस तारखेला दुपारी पहिली चूल पेटली. जवारी माझी, बाजारातनं माझ्या कमाईनं आणलेली. मूठ काढायला हात गेला तेव्हा मी त्याला थांबवलं. हाताला म्हटलं, आता बघून घे, कुणाची हाय. मग काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मूठ मला जड लागली.

अंगणात सहा-सात पोरी होत्या. सुवार्ताच्या होस्टेलातल्या चौघी-पाचजणी कुतूहलानं आलेल्या, आरती भिंतीला टेकून उभी. फाटकाबाहेर चार माणसं हाताची घडी घालून. त्यात त्या शुक्रवारचा एक चेहरा होता. बाबांचं नाव घेतलं आणि पुढं पदर डोळ्यांना लावला. तेव्हा सुवार्ता काटवट सोडून, पिठाच्या हातानं, सगळ्यांच्या पुढं माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या होस्टेलच्या पोरी बघत होत्या, बाहेरची माणसं बघत होती.

"आत्या, पुढची नावं मी घेऊ?" ती म्हणाली.

'आत्या' म्हणाली ती मला, शांतवन. फाटकाबाहेर ऐकू जाईल असं म्हणाली.

आणि तिनं घेतली. तिनं कधी न बघितलेल्या माणसांची नावं, तुझ्याकडनंच ऐकली असतील ना? आजोबा, तुझे भाऊजी, गल्लीतले सगळे. शेवटी मोठ्यानं म्हणाली, प्रभू, जमीन हलली तरी आम्ही हललो न्हाई, आता माणसं बोलली म्हून कशाला हलू. मग तिचं गाणं सुरू झालं, जरा बेसूर. ढोलकी असती तर तेवढं झाकलं असतं.

बाहेरची माणसं उभी होती तशी गेली. परत येतील, न येतील. मी वाट बघत बसणार न्हाई, मला भाकरी हाईत.

काल शेषेराव आला. खांद्यावर चुंगडं. फाटकाबाहेर थांबला, प्रार्थना होऊ दिली, मग आत आला. म्हणाला, आरतीनं दुसऱ्या मेसचं जेवण सोडलंय, भांडून दमलो. पण माझ्या जवारीतनं मूठ काढायची न्हाई. मी म्हटलं, मंजूर, तुमची टाकी वेगळी, काटवट वेगळी, येऊन बघत जा. म्हणाला, बघणारच. आणि उभ्या उभ्या एक भाकर खाऊन गेला. मला तो माणूस आवडला. त्याचा त्याच्या जवारीवर हक्क हाय आणि माझा माझ्या तोंडावर.

बाकीचे बाप आले न्हाईत. मेस अर्धी रिकामी हाय, आणि पाऊस आला की अंगणात तारांबळ उडती. हे सगळं खरं हाय, तुझ्यापासून लपवत न्हाई. तरी आता दार लावल्यावर कडी परत तपासत न्हाई.

तू मला तिकडं बोलावतोस. तुझ्या घरात म्हणण्यासारखं काही उरलं न्हाई म्हणतोस, मग येऊन मी काय करू? लेक इथं फाटकासमोर उभी राहिली आणि बाप पलंगाखाली डबा ठेवून झोपतो. मला तुझा राग न्हाई, शांतवन. लई माया हाय, म्हून असं लिहिते. सवय झाली म्हणतोस ना? माझ्या हातालाही चुकीची सवय होती. मोडली. एका दुपारी मोडली.

तुझी अक्का,
मार्था


मुदखेड
१३ ऑक्टोबर २००३

अक्का,

जास्त लिहीत नाही.

पत्र आलं त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो आणि पलंगाखालून डबा ओढला. खिळे-स्क्रू कागदात बांधले. डबा राखेनं घासला, तळाचा गंज काही निघत नाही. खिडकीत ठेवला, रस्त्यावरून दिसेल असा. तेव्हापासून रोज एक मूठ.

काल रविवारी दार उघडलं आणि ढोलकी घेऊन बसलो. माळ्यावर उंदरानं एका बाजूचं कातडं कुरतडलंय, एकाच बाजूनं वाजते. तासभर कोणी आलं नाही. मी आणि बायको दोघंच गात होतो, आणि मला फार लाज वाटत होती, गाण्याची नाही, एप्रिलपासूनची. मग जुन्या मंडळीतले तिघं आले. कोणी काही विचारलं नाही, चटईवर जागा करून बसले.

ते चौघेही आले, अक्का. दारात उभे राहिले. माझे हात थांबले, ढोलकी थांबली. मग मी म्हणालो, या, बसा. प्रार्थना झाल्यावर चहा होईल, आधी नाही. ते बसले नाहीत. बघून घेऊ म्हणाले आणि गेले. आता साहेबांकडे अर्ज जाईल, कदाचित क्वार्टरही जाईल. काल रात्री झोप लागली नाही. बऱ्याच महिन्यांनी लागली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

सुवार्ताला सांग, आत्याकडेच राहा. तिनं नावं घेतली ते वाचून तिची आई दिवसभर ते पत्र पदरात बांधून फिरत होती.

येत्या शनिवारी नांदेड-लातूर एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतो आहे. लातूरला शिकणाऱ्या पोरांचे घरून जेवणाचे डबे जातात त्यातच असेल, झाकणावर तुझं नाव आहे. स्टँडवरून घेऊन जा. तुझ्या गल्लीत ज्याची चूल पेटली नसेल त्याला दे. ज्वारी माझ्या पगाराची आहे, माझ्या घरात दळलेली. पीठ चाळून घे, एखादा खिळा राहिला असेल.

आणि डबा लगेच परत पाठव. इथं रोज लागतो.

तुझा,
शांतवन